मानाचा चीक

एके काळी, म्हणजे आपल्या खापरपणजोबांनाही ज्या काळाला 'फार पूर्वी' असंच म्हणावं लागे त्या काळी, एका उघड्या माळाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात घरं चाळीस आणि शेळ्या चारशे. माणसांचं काही बिनसलं तर पंच बसत. शेळीचं काही बिनसलं तर मात्र सगळे ठकूबाईच्या दाराशी येत.

ठकूबाई एकटी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन पट्ट्या खडकाळ जमीन, विहिरीत निम्मा वाटा आणि अंगणाला लागून शेळ्यांचं कुडाचं एक वाडगं, एवढा तिचा संसार. जमीन सहा महिने पोटाला पुरे, उरलेले सहा महिने शेळ्या पुरवत. तिनं कधी कुणाकडे रडगाणं गायलं नाही. रडगाणं गायला माणूस रिकामा लागतो, आणि ठकूबाई कधी रिकामी नसे.

दसऱ्याच्या सुमाराला गाभण राहिलेली शेळी शिमग्याच्या आगेमागे विते, हे शेळी पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. ते दिवस मोठे लहरी. पहाटे गारठा, दुपारी चटका, आणि माळावर पळस फुललेला. त्या दिवसांत ठकूबाईला जेवायला उसंत नसे. कुणाचं करडू आडवं आलेलं असे, कुणाच्या शेळीची वार पडलेली नसे. ठकूबाई हाताला तेल लावी, पदर खोची आणि म्हणे, "बाजूला व्हा समदे. तिला वारा लागू द्या." थोड्या वेळानं करडू बाहेर येई आणि ठकूबाई हात धुवून घरची वाट धरी. तिच्या हाताला यश आहे, असं गाव म्हणे. ठकूबाईचंही तेच मत होतं, आणि ती ते कुणापासून लपवत नसे.

तिची स्वतःची शेळ्यांची उस्तवार तर बघण्यासारखी होती. संक्रांत झाली की गाभण शेळ्या ती इतरांपासून वेगळ्या काढी, म्हणजे कुणाची टक्कर पोटाला लागायला नको. त्यांना बाभळीच्या शेंगा मोजून घाली, कारण जास्त झाल्या तर पोट धरतं. खाली कोरडा पाचोळा रोज बदले. गोचीड होऊ नयेत म्हणून वाडग्याच्या कडेनं राख पसरे. व्यालेल्या शेळीला कोमट पाण्यात गूळ आणि चिमूटभर ओवा देई. इतकं करणारी बाई पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

आणि तरीही ठकूबाईची स्वतःची करडं जगत नव्हती.

जन्मताना ती चांगली धडधाकट असत. दुसऱ्या दिवशी मान टाकत. तिसऱ्या दिवशी त्यांना हगवण लागे, पोट आत जाई, आणि चौथ्या दिवशी ठकूबाई कुदळ घेऊन बांधाकडे निघे. तीन वर्षं हेच चाललं होतं. गावात इतरांचीही करडं मरत होती, पण जो तो आपल्याच दारची दृष्ट काढण्यात गुंतला होता. एके काळी वाडग्यात अकरा शेळ्या होत्या. जुन्या वयानं गेल्या, नव्या उभ्या राहिल्या नाहीत. आता चारच उरल्या होत्या. त्यातल्या तिघी म्हाताऱ्या, वेत थांबलेल्या. चौथी चांदी. ठकूबाई लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून जी शेळी सोबत आली होती, तिच्या लेकीची ही लेक. चांदी यंदा गाभण होती, आणि तिचंही वय झालेलं. हे बहुधा तिचं शेवटचं वेत. या वेतात करडू जगलं नाही, तर वाडगं ओस पडणार होतं आणि ठकूबाईचे सहा महिने उपाशी जाणार होते.

आता गोष्ट म्हटली की त्यात शेळीनं बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल. चांदीनं काही सांगितलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मीही लवकर घरी गेलो असतो. पण चांदी नुसती रवंथ करत राहिली. तेव्हा आपल्याला ठकूबाईच्या डोक्यावरच भिस्त ठेवावी लागेल.

ठकूबाईनं करायचं ते सगळं करून पाहिलं. मिरच्या-मीठ ओवाळून दृष्ट काढली. वाडग्याचं दार पूर्वेला फिरवलं. शेजारणीशी भांडून पाहिलं. त्यानं तिला जरा बरं वाटलं, पण करडांना काही गुण आला नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात सलत होती. ती म्हणजे सटवा.

सटवा हा गावातला नामांकित आळशी. सकाळी शेळ्या माळावर हाकायच्या, बाभळीखाली घोंगडी टाकायची आणि ऊन कलेपर्यंत ताणून द्यायची, हा त्याचा उद्योग. त्याच्या शेळ्या माळावरच वीत. संध्याकाळी तो करडं घोंगडीत घालून घरी आणी. ना राख, ना ओवा, ना कोरडा पाचोळा. त्याच्या वाडग्यात पाय ठेवायचा तर नाकाला पदर लावावा लागे. आणि त्याच सटव्याच्या अंगाखांद्यावर, कुडावर, शेणाच्या ढिगावर पंधरा-पंधरा करडं उड्या मारत असत! दरसाल एखाद-दुसरं लांडगा नेई, कारण राखणारा घोरत असे. पण लांडग्याला देऊनही त्याच्याकडे उरत, आणि ठकूबाईकडे लांडगा न येताही उरत नसत.

"देव आंधळा हाय," ठकूबाई एकदा विहिरीवर म्हणाली. पण नुसतं देवावर ढकलून गप्प बसणारी ती नव्हती. सटव्याकडे काहीतरी गुपित औषध असणार, असं तिनं ठरवलं आणि एका सकाळी भाकरी बांधून ती त्याच्यामागून माळावर गेली.

"वयनी, तू हिकडं कशी?" सटवा बाभळीखाली टेकत म्हणाला.

"तुझं औषध बघाया आले."

"कसलं औषध?"

"करडांना काय देतोस ते."

"म्या? म्या काय बी देत न्हाई."

"सटवा, मला येडी समजू नगंस. काय बी न देता करडं जगत्यात व्हय?"

"आता जगत्यात त्याला म्या काय करू?" असं म्हणून सटव्यानं घोंगडी डोक्यावरून ओढली आणि तो घोरू लागला.

ठकूबाई डोळ्यांत तेल घालून बसली. पहिला दिवस नुसता गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सटव्याची एक काळी शेळी झुडपाआड गेली आणि पाय घासू लागली. ठकूबाईचे हात शिवशिवले, पण ती जागची हलली नाही. तिला सटव्याचं औषध बघायचं होतं.

करडू पडलं. शेळीनं त्याला चाटून कोरडं केलं. करडू थरथरत उठलं, पडलं, पुन्हा उठलं. आईच्या पुढच्या पायांत शिरलं, तिथं काही मिळेना म्हणून मागच्या पायांत गेलं, तिच्या कासेला डोक्यानं दोन ढुशा दिल्या आणि सड तोंडात धरून चुरूचुरू प्यायला लागलं. शेपूट अशी हलत होती की बघतच राहावं. पान जमवून खायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात सगळा कारभार उरकला. ठकूबाईनं सटव्याकडे पाहिलं. सटवा अजून घोरतच होता. औषधाचा पत्ता नव्हता.

इथं मला त्या गावची एक रीत सांगायला हवी.

माळाच्या टेकाडावर देवीचं ठाणं होतं. गावात शेळी व्याली की तिचा पहिला चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, देवीचा, अशी तिथली रीत. त्याला मानाचा चीक म्हणत. देवाला उष्टं चालत नाही, म्हणून करडाचं तोंड आधी सडाला लागू द्यायचं नाही. शेळीनं करडू चाटलं की ते उचलून डालग्याखाली झाकायचं. कास धुवून चीक काढायचा आणि फडक्यानं झाकून ठाण्यावर न्यायचा. करडाला तोवर कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी पाजायचं. ठाण्यावर गुरवबाबा त्या चिकाचा गूळ घालून खरवस करी, देवीला दाखवी आणि सगळ्या गावाला वाटी. त्यामुळे शिमग्याच्या पंधरवड्यात गाव मोठं खुशीत असे.

सटवाही चीक देई. पण त्याची करडं माळावर आधीच पिऊन आलेली असत. तो उरलासुरला चमचाभर नेऊन देई आणि गाव नाक मुरडी.

आणि ठकूबाई? ती रीत पाळण्यात सगळ्यांच्या पुढं. चीक पातळ होऊन त्याचं दूध होईपर्यंत, म्हणजे पुरे तीन दिवस, थेंबन् थेंब ती ठाण्यावर पोचता करी. तिची करडं तीन दिवस डालग्याखाली गुळाच्या पाण्यावर राहत.

तुम्ही म्हणाल, एवढं ढळढळीत असून तिच्या कसं लक्षात आलं नाही? अहो, जे काम पुण्याचं म्हणून करतो, त्यात खोट असेल असं माणसाच्या मनातच येत नाही. आपण चुका शोधतो त्या आपल्या पापांमध्ये.

तिसऱ्या दिवशी ठकूबाई माळावर गेली नाही. ओट्यावर बसून राहिली आणि एकेक गोष्ट मनात घोळवू लागली. राख सटवा टाकत नाही, मी टाकते. पण आई माहेरी राख टाकायची आणि करडं जगायची. म्हणजे राखेचा दोष नाही. ओवा सटवा देत नाही, मी देते. आईही द्यायची. म्हणजे ओव्याचा दोष नाही. पाचोळ्याचंही तेच. मग आई करत नव्हती आणि मी करते, असं काय आहे?

माहेरी मानाचा चीक नव्हता.

ठकूबाई दचकली. तिनं तो विचार झटकला. तो परत आला. मग तिला सासू आठवली. सासू मानाचा चीक काढायची, पण एक छोटी वाटी भरून. वाटी भरली की करडू सोडायची. तेव्हा करडं जगत होती. सासू गेल्यावर पहिल्याच वर्षी ठकूबाईनं वाटीऐवजी तांब्या नेला होता. का? तर नवी कारभारीण किती भाविक आहे ते गावाला दिसावं म्हणून. गुरवबाबानं चार माणसांत कौतुक केलं. ते बघून पुढच्या साली पाटलीणबाईनं चरवी भरून आणली. मग ठकूबाईनं दुसऱ्या दिवसाचाही चीक नेला. मग पाटलीणबाईनं तिसऱ्या दिवसाचाही. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. चारशे शेळ्यांच्या अडीचशे झाल्या, आणि सगळं गाव दृष्ट काढत बसलं.

"म्हंजे माझीच करडं न्हाई," ठकूबाई स्वतःशी म्हणाली, "समद्या गावाची म्या मारली." ती पदर तोंडाला लावून खूप रडली. बांधावर पुरलेलं एकेक करडू तिला आठवलं, त्याच्या रंगासकट.

पण रडून झाल्यावर ती उठली आणि तिनं डालग्याखाली कोंबड्या निजवल्या. यंदा त्याचं दुसरं काम उरलं नव्हतं.

चार दिवसांनी, भर दुपारी चांदी व्याली. जुळं झालं. पहिलं करडू तांबूस, दणकट. दुसरं पांढरं, इतकं बारकं की ओंजळीत मावावं. ठकूबाईनं दोघांच्या नाळा बांधल्या आणि चांदीला त्यांना चाटू दिलं. गावात अशी बातमी लपत नाही. थोड्याच वेळात पाटलीणबाई चार बायका घेऊन दारात हजर झाली. मागून काठी टेकत गुरवबाबाही आला, कारण ठकूबाईचा तांब्या नेहमी भरलेला असे.

"ठकू, करडं झाकली का न्हाईस?" पाटलीणबाईनं विचारलं. "डालगं कुठं हाय?"

"त्यात कोंबड्या हायत," ठकूबाई म्हणाली. आणि सगळ्यांच्या देखत तिनं तांबूस करडू उचललं, चांदीच्या कासेखाली धरलं आणि सड त्याच्या तोंडात दिला.

बायकांनी तोंडावर हात ठेवले.

"अगं उष्टावलं! देवीचा मान उष्टावला!" पाटलीणबाई ओरडली. "समद्या गावावर कोप आणशील!"

"कोपायचं तर तिनं माझ्यावर कोपावं. माझं घर तिला ठावं हाय," ठकूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही आणि उतरलाही नाही. "पर मला एक सांगा. तिला आपण आई म्हणतो ना? मग आई लेकराच्या तोंडचं काढून खाईल व्हय? तुमी खाल का, पाटलीणबाई?"

उत्तर नसलं की माणूस शिक्षा सांगतो. पाटलीणबाई म्हणाली, "चार दिस बघू. करडं गेली, तर तुझी शेळी गावच्या कळपात यायची न्हाई, आन् तुझा नारळ ठाण्यावर फुटायचा न्हाई."

"कबूल," ठकूबाई म्हणाली. "चौथ्या दिशी सकाळी या. आता वाट सोडा, तिला वारा लागू द्या."

सगळ्या गेल्या. गुरवबाबा मात्र जाता जाता दारात थांबला. कासेला लागलेल्या करडाकडे त्यानं एकदा नीट पाहिलं आणि काठी टेकत तो निघून गेला.

तांबूस करडाची काळजी नव्हती. ते पहिल्या संध्याकाळीच आईच्या पाठीवर चढायला बघत होतं. घोर होता तो पांढऱ्याचा. त्याला सड तोंडात धरता येईना. दोन वेळा चोखायचं आणि मान टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाईनं त्याच्या तोंडात बोट घातलं, तर जीभ गार लागली. गार जीभ म्हणजे काय, ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

कुडापलीकडून जाणारी माणसं मुद्दाम हळू चालत होती. "एक गेलंच म्हणा," असं कुणीतरी म्हणाल्याचं तिनं ऐकलं.

तेव्हा मात्र ठकूबाई डगमगली. तिनं टेकाडाकडे बघून हात जोडले आणि म्हटलं, "आई, म्या चुकले असंन तर मला काय बी कर. ह्याला नगं. ह्यानं अजून काय बी बघितलं न्हाई."

मग तिनं डोळे पुसले, पांढऱ्याला पदरात घेऊन पोटाशी धरलं आणि चुलीपुढं बसली. अंग जरा ऊबदार झाल्यावर तिनं चांदीचा चीक वाटीत काढला. घट्ट, पिवळाधमक चीक. त्यात बोट बुडवून ती करडाच्या जिभेवर थेंब थेंब सोडू लागली. तिनं घाई केली नाही. दहा थेंब, मग विसावा, मग परत दहा थेंब. दुपारपर्यंत वाटी संपली. तिसऱ्या प्रहरी करडानं तिचं बोट चोखलं. सांज व्हायच्या आत त्यानं ते चावलं.

"चाव बाबा, चाव," ठकूबाई म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तिनं दुसरंही बोट पुढं केलं.

चौथ्या दिवशी सकाळी अख्खं गाव अंगणात जमलं. सटवासुद्धा आला होता; त्याला एवढ्या सकाळी उभा पाहून गावाला तो एक वेगळाच चमत्कार वाटला. ठकूबाईनं वाडग्याचं दार उघडलं. तांबूस करडू टुणकन् बाहेर पडलं, ओट्यावर चढलं, तिथून उडी मारून पाटलीणबाईच्या पायांत घुसलं. पोरं हसली. पण सगळ्यांच्या नजरा दाराकडे होत्या. दुसरं करडू येईना.

"एक गेलं न्हवं?" पाटलीणबाई म्हणाली. पण तिच्या बोलण्यात आता जोर नव्हता.

"आत येऊन बघा," ठकूबाई म्हणाली.

पाटलीणबाई वाकून आत शिरली. चांदीच्या पोटाला चिकटून पांढरं करडू गाढ झोपलं होतं. पोट टम्म. माणसांच्या चाहुलीनं ते जागं झालं, वैतागून उठलं आणि कुणाकडे ढुंकूनही न बघता कासेला ढुशी मारून प्यायला लागलं. शेपूट हलत होती.

पाटलीणबाई तिथंच पाचोळ्यात बसली. गेल्या तीन वर्षांत तिच्या वाड्यावरची चाळीसेक करडं गेली होती, आणि प्रत्येकाच्या वेळी तिनं चरवी काठोकाठ भरून पाठवली होती. तिनं हात पुढं करून करडाच्या टम्म पोटाला हळूच लावला. "ठकू," ती म्हणाली, "आपण काय करून बसलो गं?"

"तुमी न्हाई, पाटलीणबाई. सुरुवात माझी." ठकूबाई बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी सासू वाटी द्यायची. तांब्या म्या केला. देवीनं मागितला नव्हता. मला मोठेपणा पायजे होता. माझं बघून तुमी समद्यांनी केलं. करडं दृष्टीनं मेली न्हाईत, उपाशी मेली. चीक त्यांचा होता. गावानं मला काय शिक्षा द्यायची ती द्यावी."

मग गुरवबाबा काठी टेकत पुढं आला. "शिक्षा द्यायची तर आधी मला द्या," तो म्हणाला. "माझा आजा पुजारी व्हता, तवा तांब्या नव्हता आन् वाटी बी नव्हती. करडू पिऊन झालं की आजा सडावरला एक थेंब बोटावर घ्यायचा, देवीच्या पायाला लावायचा, झालं. म्या ल्हान व्हतो, पर मला आठवतंय. इतकी वर्सं आठवत व्हतं."

"मग बोलला का न्हाईत?" पाटलीणबाईनं विचारलं.

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "खरवस लई आवडायचा मला. नाव देवीचं, जीभ माझी."

असं चारचौघांत कबूल करायला छाती लागते. गावानं ती ओळखली. कुणी ठकूबाईला शिक्षा दिली नाही आणि कुणी म्हाताऱ्याला हसलं नाही. हसण्याचा हक्क तसाही कुणाला नव्हता. खरवस सगळ्यांनीच खाल्ला होता.

त्या दिवसापासून गावची रीत बदलली, किंवा खरं म्हणजे परत मूळपदावर आली. पुढं तीन शिमगे गेले. ठकूबाईचं वाडगं इतकं भरलं की कूड मागं सरकवावा लागला. गावच्या शेळ्या पुन्हा चारशेवर गेल्या. खरवस अजूनही होई, पण करडं पिऊन तृप्त झाल्यावर जो चीक उरे त्याचा. प्रत्येकाच्या वाट्याला बोटभर येई आणि कुणी दुसऱ्यांदा मागत नसे.

आजही त्या गावात शेळी व्याली की देवीचा पुजारी रिकाम्या हातानं दाराशी येतो. आत पाऊल टाकण्याआधी तो उंबऱ्याबाहेर उभा राहून एकच प्रश्न विचारतो, "लेकरू प्यालं का?" आतून "प्यालं" असं उत्तर आलं, तरच तो देवीसाठी एक थेंब बोटावर घेतो. उत्तर आलं नाही, तर देवीही दाराबाहेर थांबते.

तात्पर्य : भुकेल्याच्या तोंडचा घास काढून दाखवलेला नैवेद्य देवापर्यंत पोचत नाही.